मनुष्यदेह हीच प्रयोगशाळा

लस ही वस्तू सामान्य माणसाच्या परिचयाची होते ती दवाखान्याच्या दारात, सुईच्या टोकावर किंवा बालकाच्या जिभेवर सोडलेल्या चार थेंबांच्या रूपाने; परंतु त्या दारापर्यंत येण्यापूर्वी तिला ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांचा क्रम शास्त्राने मोठ्या विचारपूर्वक मुक्रर करून ठेवलेला आहे. प्रथम काचपात्रात वाढविलेल्या पेशी, मग उंदीर, ससे आणि माकडे, आणि या सर्वांवर औषधाचे बरेवाईट गुण पुरते पारखून झाल्यावर मूठभर निरोगी प्रौढ माणसे, असा हा शिरस्ता आहे. परंतु नोरोव्हायरस या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या, आणि जगात दरसाल सुमारे 2 लक्ष माणसांचा बळी घेणाऱ्या एका पोटाच्या विषाणूच्या बाबतीत हा सारा क्रमच उलटा झाला. हा विषाणू काचपात्रात वाढेना, उंदराच्या पोटात रुजेना. त्याला मानवे ते केवळ माणसाचे आतडे. साहजिकच, जो माणूस शेवटच्या पायरीवर यावयाचा तो येथे पहिल्याच पायरीवर येऊन उभा राहिला, आणि या लसीच्या शोधाचा इतिहास हा, पाहू गेल्यास, माणसाने आपला देह परीक्षेसाठी कसा दिला, कोणी दिला आणि कोणत्या परिस्थितीत दिला, याचाच इतिहास होऊन बसला.

स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची चाल काही नवी नव्हे. 1892 साली म्युनिकच्या पेटेनकोफर या वयोवृद्ध आचार्याने, कॉलऱ्याचे जंतू एकट्याने रोग उत्पन्न करू शकत नाहीत हे आपले मत सिद्ध करण्यासाठी, त्या जंतूंनी भरलेले द्रावण प्राशन केले. आणि त्याच वर्षी पॅरिस येथे वाल्डेमार हाफकिन याने स्वतः सिद्ध केलेली कॉलऱ्याची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. हाच हाफकिन पुढे मुंबईत आला, आणि ग्रंथिक सन्निपाताने शहर ओस पडत असता ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी त्याने तिची, नंतर इतरांना दिलेल्या मात्रेहून कितीतरी मोठी मात्रा, स्वतःच्या शरीरात घालून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथील बंदिवानांपैकी जे राजी झाले त्यांना लस टोचण्यात आली, जे झाले नाहीत त्यांना तसेच ठेवण्यात आले, आणि दोहोंतील आजाऱ्यांची व मृतांची तुलना करून लसीचा गुण ताडण्यात आला. म्हणजे मानवी परीक्षेची जी दोन रूपे पुढे जगभर प्रचारात आली, शास्त्रज्ञाने आपला देह पुढे करणे आणि भिंतीआड असलेल्यांचा देह उपयोगात आणणे, ती दोन्ही आपल्या मुंबईने एकाच महिन्यात पाहिली होती. या दोहोंत नैतिकदृष्ट्या केवढे अंतर आहे, याचा विचार मात्र त्या काळी कोणी फारसा केल्याचे दिसत नाही.

आता नोरोव्हायरसाच्या हकिकतीकडे वळू. ऑक्टोबर 1968 मध्ये अमेरिकेच्या ओहायो संस्थानातील नॉरवॉक या छोट्या शहरी, ब्रॉन्सन नावाच्या प्राथमिक शाळेत, एकाएकी मुले व शिक्षक ओकू लागले. शाळेतील 232 जणांपैकी निम्मे, अवघ्या दोन दिवसांच्या आत, मळमळ, उलट्या आणि पोटातील कळांनी हैराण झाले. घरी गेल्यावर त्यांच्या संपर्काने घरची मंडळीही आजारी पडली. आणि सुमारे एक अहोरात्र उलटताच बहुतेक सर्व जण बरेही झाले. थंडीच्या दिवसांत येणाऱ्या अशा उलट्यांच्या साथीचे वर्णन जॉन झाहोर्स्की या बालवैद्याने 1929 सालीच लिहून ठेवले होते. परंतु तिचे कारण कोणास सापडले नव्हते. नॉरवॉकच्या रुग्णांच्या विष्ठेतही ओळखीचा एकही जंतू मिळाला नाही. तथापि ते नमुने टाकून न देता जपून ठेवण्यात आले, आणि या दूरदृष्टीनेच पुढील सर्व शोधांचा पाया घातला.

ते नमुने वॉशिंग्टनजवळील बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्यसंस्थेकडे आले. विष्ठेचे द्रावण अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळले म्हणजे जंतू वर राहतात आणि त्यांहून लहान असेल तेवढेच खाली उतरते. हे खाली उतरलेले, दिसावयास स्वच्छ असे पाणी रोग निर्माण करते की नाही, एवढाच प्रश्न होता. परंतु त्याचे उत्तर देईल असा प्राणी मिळेना. मग ते पाणी माणसांना पाजण्यात आले. ज्यांनी ते प्यायले त्यांतील काही जण आजारी पडले, त्यांच्या विष्ठेचे द्रावण पुन्हा गाळून दुसऱ्यांना देण्यात आले, तेही आजारी पडले, आणि अशा रीतीने एका देहातून दुसऱ्या देहात तो अदृश्य विषाणू शास्त्रज्ञांनी जिवंत राखला. जे काम एरवी काचेच्या बाटल्यांनी करावयाचे ते येथे माणसांच्या आतड्यांनी केले.

ही माणसे कोण होती? डोलिन हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या या पहिल्या प्रयोगांतील स्वयंसेवक हे मेरिलँड संस्थानातील जेसप येथील तुरुंगाचे बंदिवान होते. त्या तुरुंगात मेरिलँड विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने 1958 पासून एक संशोधनकक्ष चालविला होता, आणि विषमज्वर, कॉलरा, हिवताप अशा रोगांच्या लसींची व औषधांची परीक्षा तेथे होत असे. कक्षात दाखल होणाऱ्यास दिवसाकाठी 2 डॉलर मिळत. तुरुंग खचाखच भरलेला आणि गलिच्छ, तर कक्ष स्वच्छ आणि थंडगार. बंदिवानांकडून रीतसर संमतिपत्र लिहून घेतले जाई, हे खरे. पण ज्याला कोठडीच्या कोंडीतून चार दिवस सुटका हवी आहे आणि ज्याला तुरुंगातील अन्य कामात एवढी कमाई होण्याचा संभव नाही, त्याने कागदावर केलेल्या सहीला संपूर्ण स्वेच्छेचा दाखला म्हणता येईल काय, हा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. 1979 साली न्यायालयाने जबरदस्ती सिद्ध होत नाही असा निवाडा दिला. पण तत्पूर्वीच, 1976 साली, कक्ष बंद झाला होता, आणि 1978 साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने बंदिवानांवरील प्रयोगांना कडक निर्बंध घातले होते. कायद्याने जे निर्दोष ठरविले त्याबद्दल समाजाचे मन निःशंक नव्हते, हेच त्या निर्बंधांवरून दिसून येते. आणि माझ्या मते समाजाचे मनच अधिक बरोबर होते.

या बंदिवानांच्या आजाराचे फळ मात्र फार मोठे होते. अल्बर्ट कापिकियन या संशोधकाने लंडनमध्ये जून अल्मेडा यांच्याकडून एक नवी युक्ती आत्मसात केली होती. आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तद्रवात त्या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात. तो द्रव विष्ठेच्या गाळलेल्या द्रावणात मिसळला म्हणजे, पाकाने बुंदीचे दाणे एकमेकांना धरून लाडू वळला जावा त्याप्रमाणे, विखुरलेले विषाणुकण प्रतिद्रव्यांच्या योगाने एकत्र येतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नजरेस पडतात. 1972 साली कापिकियन यांना या रीतीने नॉरवॉकचा विषाणू दिसला. एका मिलिमीटरचे 10 लक्ष भाग कल्पिले तर त्यांतील 27 भागांएवढाच त्याचा व्यास! एकाच स्वयंसेवकाचे आजारापूर्वीचे आणि आजारानंतरचे रक्त त्यांनी शेजारी शेजारी तपासले. आधीच्या रक्ताने कणांवर प्रतिद्रव्यांचे पातळ आवरण चढे, नंतरच्या रक्ताने ते दाट होई. हा कण योगायोगाने तेथे आलेला नसून आजाराशी त्याचा संबंध आहे, याची खात्री या तुलनेने पटली. त्याच सुमारास अन्य संशोधकांनी स्वयंसेवकांना नळी गिळावयास लावून त्यांच्या लहान आतड्याचे कण काढून पाहिले, तेव्हा अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर आजारात आखडून बोथट झालेले आढळले.

विषाणू सापडला म्हणजे लस जवळ आली, असे कोणासही वाटेल. परंतु 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने ही आशा मंदावली. 12 स्वयंसेवकांना विषाणू देण्यात आला. 6 आजारी पडले, 6 ठणठणीत राहिले. दोनतीन वर्षांनी त्यांनाच तो पुन्हा दिला, तर तेच 6 पुन्हा आजारी पडले आणि उरलेले पुन्हा सुखरूप राहिले! देवी एकदा येऊन गेलेल्यास पुन्हा येत नाहीत, या सर्वपरिचित अनुभवावर लसीचे सारे शास्त्र उभे आहे. आणि येथे तर प्रत्यक्ष रोग भोगूनही काही वर्षांत संरक्षण उरत नव्हते, उलट ज्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये अधिक तेच आजारी पडत होते. या कोड्याचा उलगडा होण्यास पंचवीस वर्षे लागली. 2003 साली, पुन्हा स्वयंसेवकांच्याच साहाय्याने, असे दिसून आले की, रक्तगटाची विशिष्ट शर्करा आतड्याच्या अस्तरावर ज्यांच्या ठायी जन्मतःच नसते, त्यांच्या पेशींना हा विषाणू चिकटूच शकत नाही. त्यांचे संरक्षण आनुवंशिक होते. त्यांना प्रतिद्रव्यांची गरजच पडली नव्हती.

दरम्यान ह्यूस्टन येथील बेलर वैद्यक महाविद्यालयात मेरी एस्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली, स्वयंसेवकाच्या विष्ठेतूनच मिळालेल्या विषाणूचा आनुवंशिक मजकूर उकलला. आणि दोनच वर्षांनी त्यांतील कवचाचे बीज कीटकांच्या पेशींत घातले, तेव्हा ते कवच आपोआप जुळून आले. बाह्यतः हुबेहूब विषाणू, पण आत पूर्ण रिकामा! रोग निर्माण करण्याची शक्ती ज्याच्या ठायी नाही आणि शरीराला शत्रूची ओळख तर पटवून देतो, असा हा पोकळ कण म्हणजे लसीचे उत्तम साहित्य होय. 1999 साली त्याच्या पहिल्या मानवी परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. 20 निरोगी प्रौढांना तो तोंडावाटे देण्यात आला. 5 जणांना 100 मायक्रोग्रॅम आणि 15 जणांना 250 मायक्रोग्रॅम, तीन आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा. पहिल्या टप्प्यातील परीक्षा अशीच असते: मोजकी माणसे, अल्प मात्रा, आणि या वस्तूने अपाय तर होत नाही ना, ही पहिली विचारणा, गुणाची विचारणा त्यानंतरची. अपाय झाला नाही, आणि रक्तात प्रतिद्रव्येही वाढलेली आढळली.

त्याच्या पुढच्याच वर्षी वृत्तांत प्रसिद्ध झालेली बाल्टिमोर येथील परीक्षा तर वाचकास नवलाची वाटेल. विषाणूच्या कवचाचे बीज बटाट्याच्या रोपात घालून असे बटाटे पिकविण्यात आले की ज्यांच्या गरातच लस तयार व्हावी. शिजविल्याने कवच नासेल म्हणून ते सोलून, फोडी करून, कच्चेच खावयाचे. एका वेळी 150 ग्रॅम कच्चा बटाटा चावून गिळणे हे जिभेला सुखावह असणे शक्य नाही. तरी 24 जणांनी दोनतीन वेळा हे व्रत पार पाडले. त्यांपैकी 20 जणांच्या वाट्यास लसीचे बटाटे आले होते, आणि त्यांतील 19 जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्य घडविणाऱ्या पेशी आढळून आल्या. रक्तद्रवातील प्रतिद्रव्ये मात्र थोड्यांचीच वाढली. पुढे 2011 साली नाकावाटे द्यावयाच्या कोरड्या पुडीच्या परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि नुसती निरुपद्रवी पुडी घेतलेल्या, अशा दोन्ही गटांतील स्वयंसेवकांनी नंतर खराखुरा विषाणू प्राशन केला, आणि आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण 69 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर उतरले. नोरोव्हायरसाची लस होऊ शकते, हे त्या दिवशी ठरले.

होऊ शकते याचा अर्थ झाली असा मात्र नव्हे. विषाणू मानवी आतड्याच्या मूलपेशींपासून वाढविलेल्या ऊतीत, काचपात्रात, रुजविण्यात यश आले ते 2016 साली, म्हणजे नॉरवॉकच्या साथीनंतर 48 वर्षांनी. प्रौढांतील प्रारंभिक परीक्षांत आशादायक ठरलेली एक लस जुलै 2024 मध्ये अर्भकांवरील परीक्षेत निष्प्रभ ठरली. विषाणूची रूपे अनेक, आणि एकाविरुद्धचे कवच दुसऱ्यास रोखेलच असे नाही. त्याचप्रमाणे प्रारंभिक परीक्षेची दृष्टीही मर्यादितच असते. रोटाव्हायरस या दुसऱ्या पोटाच्या विषाणूवरील पहिली लस अमेरिकेत 1998 साली परवाना मिळून सुरू झाली आणि आतड्यात आतडे शिरण्याच्या विरळा विकारामुळे सुमारे वर्षभरातच मागे घ्यावी लागली. हजारोंत एखाद्यास होणारा अपाय वीस माणसांत दिसणार तरी कसा! याच कारणास्तव आपल्याकडे दिल्लीच्या नवजात बालकांत सापडलेल्या रोटाव्हायरसापासून लस केली तेव्हा प्रथम प्रौढ, मग मुले, मग अर्भके, अशा पायऱ्या चढून अखेरीस दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू येथील 6,799 अर्भकांवर तिची परीक्षा झाली. त्या आईबापांनी आपली तान्ही मुले पुढे केली नसती, तर आज सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळणारे ते थेंब मिळते ना.

या सर्व वृत्तांतात एक गोष्ट मला वारंवार खटकते. शास्त्राच्या दफ्तरी कापिकियन आणि एस्टेस यांची नावे आहेत, नॉरवॉक शहराचे नाव विषाणूला मिळाले आहे. परंतु ज्यांनी तो प्याला ओठांस लावला त्यांच्यापैकी एकाचेही नाव तेथे नाही. नाव गुप्त राखणे हा त्यांचा हक्कच आहे, आणि तो राखला गेला हे योग्यच. तथापि अनामिकाचे ऋण हे ऋण नसते असे कोणी मानू नये. जेसपच्या बंदिवानांचे ऋण तर अधिकच जड आहे, कारण त्यांनी दिलेले दान पूर्णपणे त्यांच्या इच्छेचे होते असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही, आणि तरीही त्या दानावाचून पुढील एकही पाऊल पडले नसते. त्या ज्ञानाचा त्याग करणे शक्य नाही, आणि उचितही नाही. ते ज्ञान कसे मिळाले हे सांगत राहणे मात्र शक्य आहे आणि अवश्य आहे.

आज हिंदुस्थानातही औषधांच्या व लसींच्या परीक्षा मोठ्या प्रमाणावर होतात, आणि 2019 च्या नियमांन्वये नैतिकता समितीची मान्यता, समजेल अशा भाषेतील संमती आणि अपाय झाल्यास नुकसानभरपाई, ही बंधने परीक्षकांवर आहेत. नियम चांगले आहेत; परंतु ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याच्यापुढे कागद आणि पैसे एकदमच ठेवले तर जेसपची कोठडी तुरुंगाबाहेरही उभी राहू शकते, हे कोणताही नियम आपोआप टाळू शकत नाही. ते टाळावयाचे काम त्या कागदापलीकडे बसलेल्या माणसाचे आहे: समोरच्यास नाही म्हणण्याची खरी मोकळीक आहे की नाही हे त्याने आधी पाहावे, जोखीम त्याच्या बोलीत सांगावी, आणि नकार मिळाल्यास तितक्याच आदराने त्याला निरोप द्यावा. ही मोकळीक असेल तरच परीक्षेसाठी पुढे केलेला देह हा दान ठरतो; आणि नोरोव्हायरसाची लस उद्या कोणाच्याही हाती येवो, ती अशा दानातून आलेली असावी, एवढा आग्रह धरण्याचा अधिकार ती घेणाऱ्या प्रत्येकास आहे.