वेंगुर्ल्याचा फोटो आणि आमची कात्री

मंडळाच्या कपाटात जुन्या स्मरणिकांच्या गठ्ठ्याखाली एक खाकी पाकीट आहे. छापून झाल्यावर ज्यांचे त्यांना परत करायचे राहून गेलेले फोटो त्यात पडले आहेत. यंदा बेळगाव आणि वेंगुर्ला यांच्या जुन्या नात्यावर चार पाने द्यायची ठरली, म्हणून आम्ही ते पाकीट उघडले आणि पहिलाच फोटो वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा निघाला. बोटीची वाट पाहत उभे असलेले एक कुटुंब. कोट-टोपीतले आजोबा, नऊवारीतली आजी, तीन मुले, एक ट्रंक, एक वळकटी. डाव्या कडेला, फोटो जिथे संपतो तिथे, कोपरापासून पुढचा कुणाचा तरी हात दिसतो. हातात दोरी आहे. हात कुणाचा आणि दोरी कशाची हे आता कळायला मार्ग नाही, कारण कागद तिथे कात्रीने कापलेला आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले आहे : ‘डावीकडून कापणे, एक कॉलम.’ अक्षर आमच्याच एका जुन्या संपादकांचे. तेव्हा दोष देण्यासाठी बाहेर कुणाला शोधायला नको.

तो हात पडाव ओढणाऱ्या खलाशाचा असेल काय? वेंगुर्ल्याला आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्याकडे जात. डावीकडचा तो तुकडा राहिला असता, तर कदाचित पडाव दिसला असता, पाण्यातली बोट दिसली असती. आज आम्हाला हवे आहे ते नेमके तेच. आजी-आजोबांचे स्टुडिओतले फोटो घरोघर आहेत. बंदराचे नाहीत.

बेळगावकरांना वेंगुर्ला परका नाही. आपल्याकडे आजही हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला वेंगुर्ला रोड म्हणतात. सतराव्या शतकात तिथे डचांची वखार होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले, आणि बेळगावात त्यांची छावणी बसल्यावर घाटावरच्या या मुलखाचे समुद्राकडचे दार वेंगुर्लाच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोली घाटातून गाडीरस्ता झाला आणि बैलगाड्यांच्या रांगा वर-खाली करू लागल्या. पण १८८८च्या सुमारास मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले. माल तिकडे वळला. पुढे मुंबईच्या बोटीही बंद झाल्या, आणि कोकण रेल्वे आली ती कुडाळ-सावंतवाडीवरून निघून गेली. वेंगुर्ला मागे राहिला. वाईट दिवस आले असे नव्हे. काजू आहे, मासळी आहे, बाजार भरतो. पण ज्या कामासाठी गाव वाढले ते काम गेले, आणि त्या कामाच्या मापाने बांधलेली घरे आणि रस्ते मात्र राहिले.

असे ओसरलेले किनाऱ्यावरचे गाव फोटोत कसे धरावे, हा प्रश्न आमच्याआधी इंग्लंडमध्ये काही फोटोग्राफरांना पडला होता. त्यांची कामे पाहताना आमच्या कात्रीची चूक आम्हाला जास्त नीट कळली, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

तिथली किनाऱ्यावरची गावे रेल्वेने वाढवली. गिरण्या-कारखान्यांतली माणसे सुट्टीला गाडीत बसून ब्लॅकपूल, मार्गेट, ब्रायटन गाठत. १९६०च्या दशकात विमानाने स्पेनला जाणे स्वस्त झाले, आणि १९६३च्या बीचिंग अहवालानंतर कित्येक शाखामार्गही बंद पडले. त्याच सुमारास टोनी रे-जोन्स हा तरुण अमेरिकेत ग्राफिक डिझाइन शिकून मायदेशी परतला. आपल्या देशाच्या जुन्या चालीरीती अमेरिकी वळणाखाली पुसल्या जाण्याआधी टिपून ठेवाव्यात या ध्यासाने, १९६६ ते १९६९ या काळात, तो बायकोबरोबर कॅम्पर व्हॅनमधून गावोगावच्या जत्रा आणि चौपाट्या हिंडला. त्याच्या फोटोंत मध्यभागी कुणी नायक नसतो. एका कोपऱ्यात कुणी खुर्चीत डुलकी घेतो, दुसरीकडे एक जोडपे एकमेकांकडे न बघता बसलेले असते, मधून एखादे मूल पळते, आणि प्रत्येकजण आपापल्या जगात असतो. कडेपासून कडेपर्यंत चौकट भरलेली असते. ही रचना योगायोगाने साधत नाही. मागे दिसणारी प्रत्येक गोष्ट विषयाशी जोडलेली आहे का, हे तपासायची आठवण त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या सूचनांच्या यादीत होती. म्हणजे काय वगळायचे हे तो बटण दाबण्यापूर्वी, दोन पावले इकडे-तिकडे सरकून ठरवत होता. १९७२ साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. ‘अ डे ऑफ’ हे पुस्तक दोन वर्षांनी निघाले.

त्याच्या फोटोंचा संस्कार झालेला मार्टिन पार हा दुसरा. १९८३ ते १९८५ असे तीन उन्हाळे त्याने लिव्हरपूलसमोरच्या न्यू ब्रायटन या गावात काढले. या गावात एके काळी ब्लॅकपूलपेक्षाही उंच मनोरा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याची निगा राहिली नाही, तो गंजला आणि मग उतरवावा लागला. लिव्हरपूलहून येणाऱ्या फेरीबोटी १९७१ला थांबल्या, पुढे धक्काही पाडला. तरी लोक येत राहिले. पारने रंगीत फिल्म वापरली आणि भर उन्हात फ्लॅश मारला. ओसंडून वाहणाऱ्या कचऱ्याच्या डब्याशेजारी चिप्स खाणारी माणसे, यंत्राच्या अजस्र पट्ट्यांशेजारी सिमेंटवर ऊन खात पडलेली बाई. १९८६ साली ‘द लास्ट रिसॉर्ट’ प्रसिद्ध झाले तेव्हा, हा गरिबांची टिंगल करतो, अशी टीका झाली. टीका अगदीच अनाठायी होती असे आम्हाला वाटत नाही. काही फोटोंपुढे आम्हीही अवघडलो. पण कल्पना करून पाहा. त्या फोटोतून यंत्र कापले तर उरते काय? ऊन खाणारी एक बाई, जी कुठल्याही किनाऱ्यावर असू शकते. डबा कापला तर उरतात चिप्स खाणारी माणसे. गाव जाते. गावाची दशा आणि तरीही सुट्टी साजरी करायचा माणसांचा हट्ट, या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत आहेत म्हणून तो इतिहास आहे.

मग काही कापूच नये काय? फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँचा तसा आग्रह होता. पूर्ण निगेटिव्ह छापली आहे हे दिसावे म्हणून तो प्रिंटभोवती काळी किनार ठेवी. गंमत अशी की पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२चा जगप्रसिद्ध फोटो कापलेलाच आहे! कुंपणाच्या फटीतून तो काढला होता आणि डावीकडे फळी आडवी आली होती. फळी कापली, ते योग्यच केले. तिच्यात माणूस नव्हता आणि गावही नव्हते.

आपल्याकडे मात्र फोटो बहुधा कुणी न ठरवताच कापले गेले. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह ३६ बाय २४ची. स्टुडिओतला कागद दहा बाय आठ इंची. कागद पूर्ण भरायचा तर ३६ पैकी ३०च मिलिमीटर बसतात. सहावा हिस्सा अंधाऱ्या खोलीतच गळतो. आग्फा क्लिक थ्रीचा चौकोनी फोटो लांबट कागदावर छापला की वरचे आकाश नाही तर खालची जमीन जाते. त्यानंतर आमच्यासारखे संपादक. घरातली माणसे ‘नीट दिसावीत’ म्हणून कडेचे गडी, हमाल, शेजारी, दुकानाच्या पाट्या आम्ही वर्षानुवर्षे कापत आलो. कडेला कोण उभे असते आणि मध्यभागी कोण, याचा विचार तेव्हा केला नाही.

यंदा चैत्रात आम्ही चौघे वेंगुर्ल्याला गेलो. बाजारात चिऱ्यांचे, लाकडी कठड्याचे एक जुने दुमजली घर सापडले. त्याच्या निम्म्या दर्शनी भागावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, खाली मोबाइल दुरुस्तीचे दुकान, आणि समोर रिक्षातून पाटी उतरवून घेणारी एक मासेवाली. परत आल्यावर संगणकावर पहिला हात गेला तो फ्लेक्सकडे. तो आणि रिक्षा कापली की घर कॅलेंडरवर शोभेल असे होत होते. बराच वाद झाला. एकाचे म्हणणे, जाहिरातीसाठी स्मरणिकेचे पान कशाला. दुसरा म्हणाला, अहो, त्या फ्लेक्सवर तारीख आहे. तीस वर्षांनी हा फोटो कधीचा म्हणून कुणी विचारले तर घर उत्तर देणार नाही. शेवटी खाली आलेला आमच्यापैकी एकाचा अंगठा तेवढा कापला. बाकी फोटो आहे तसा पुढच्या पानावर आहे, आडवा, पूर्ण पानभर.

त्याच्यासमोरच्या पानावर बंदरावरचा तो जुना फोटो आहे. डावीकडची जागा आम्ही कोरी ठेवली आहे. कुणाच्या घरी याच फोटोची दुसरी, न कापलेली प्रत असेल तर मंडळाच्या कार्यालयात दाखवायला आणावी. आम्ही समोरच तिचा फोटो काढून घेऊ आणि प्रत लगेच हातात परत देऊ. आणि तो हात, ती दोरी कुणी ओळखली, तर तेही कळवा.