स्टाइनमेट्झ, तारापूर आणि स्टुडंट ब्रँच

'स्टुडंट ब्रँच' म्हटलं की कॉलेजातल्या तीन गोष्टी आठवतात: वर्गणी, बॅनर आणि रेझ्युमेवरची एक ओळ. पण ही भानगड मुळात सुरू केली कुणी? गोष्ट अमेरिकेतली आहे, पण तिचं एक टोक आपल्या तारापूरला येऊन टेकतं.

१८८९ साली ब्रेस्लाऊचा एक तरुण गणिती अमेरिकेत उतरला. समाजवादी चळवळीत असल्यामुळे जर्मनी सोडावी लागलेली. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, खिसा रिकामा. बंदरावरूनच परत पाठवणार होते, मित्राने रदबदली केली म्हणून वाचला, असं सांगतात. हाच चार्ल्स स्टाइनमेट्झ.

न्यूयॉर्कजवळ एका कारखान्यात तो चिकटला. एसीच्या प्रत्येक आवर्तनात लोखंडी गाभ्याचं चुंबकत्व उलटसुलट होतं आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. किती वाया जाणार, हे यंत्र बनवण्याआधी नीट सांगता येत नसे. याने मोजमापं घेतली, सूत्र बसवलं (तोच आपला १.६ वा घात!) आणि १८९२ मध्ये 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स'पुढे ते मांडलं. ओळख ना पाळख, पण त्या निबंधाने त्याचं नाव झालं. १९०१-०२ मध्ये तो त्याच संस्थेचा अध्यक्ष होता, आणि कॉलेजांमधल्या विद्यार्थी शाखांची कल्पना त्याच सुमारास त्याच्या पुढाकाराने रुजली. १९६३ मध्ये ही संस्था रेडिओवाल्यांच्या संस्थेत विलीन होऊन आयट्रिपलई झाली. शाखा टिकल्या.

आता तारापूर. स्टाइनमेट्झने पुढची सगळी हयात जनरल इलेक्ट्रिकमध्ये घालवली. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच कंपनीच्या. १९६९ मध्ये तिथून वीज मिळू लागली.

म्हणजे केंद्र आलं, शेजारी एमआयडीसी आली, २०१३ मध्ये लोकलही डहाणूपर्यंत गेली. पण सफाळे-केळवे पट्ट्यातल्या माकुणसारच्या एखाद्या मुलाचा काका-मामा या धंद्यात नसेल, तर आतल्या इंजिनिअरशी त्याने बोलायचं कसं? एकट्याचा अर्ज गेटवरच राहायचा. शाखेच्या नावाने आमंत्रण गेलं, तर माणूस एखाद्या शनिवारी तासभर येऊ शकतो. आयट्रिपलईची शाखा काढायला किमान १० विद्यार्थी सभासद आणि मार्गदर्शक म्हणून एक प्राध्यापक लागतात. माणसं जमतात हो, अडतं ते वर्गणीपाशी. त्यासाठी घरी विचारावं लागतं, आणि "याने नोकरी लागते का?" या प्रश्नाला सरळ उत्तर नसतं.

नोकरी लागेलच असं नाही. पण निदान कुणाला विचारायचं हे तरी कळतं, आणि ज्याच्या घरात पहिलाच इंजिनिअर होतोय त्याला तेवढंही सहज मिळत नाही.

तेव्हा मंडळी, पुण्या-बंगळूरहून गावी गेलात की जवळच्या कॉलेजला एक शनिवार द्या. जमलं तर दोघा-चौघांची वर्गणीही भरा. विषय सुचत नसेल तर हिस्टेरिसिस चालेल :)