बर्फाचं पाणी करणारा स्टोव्ह

ज्यांचं बालपण गॅस घरोघरी पोचण्याआधीचं आहे, त्यांना स्टोव्ह पेटवण्याचे सगळे सोपस्कार अजून पाठ असतील. काकडा स्पिरिटमध्ये बुडवायचा, बर्नरखाली अडकवायचा, काडी लावायची. ती ज्योत विझत आली की चावी आवळायची आणि पंप मारायला लागायचं. आधी पिवळा भडका, मग एकाएकी निळी गोल ज्योत आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा भरभराट. ज्योत मलूल झाली तर पिन मारायची. पंप हवा धरेनासा झाला की आतला चामड्याचा वायसर तेलात भिजवून परत बसवायचा. पाठीवर सामान घेऊन डोंगरात मुक्काम करणारे लोक आज पंचवीस ग्रॅमचे टायटॅनियमचे स्टोव्ह घेऊन हिंडतात. त्यांच्या या लाडक्या वस्तूची कुळकथा शोधत गेलं, तर पोचायला होतं ते याच पितळी टाकीपाशी.

फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट हा स्टॉकहोममधला कारागीर. त्याने १८९२ मध्ये वातीशिवाय चालणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला आणि त्याचं नाव पडलं ‘प्रायमस’. त्याच्या दहा वर्षं आधी, १८८२ मध्ये, कार्ल रिचर्ड निबर्ग या दुसऱ्या स्वीडिश माणसाने याच जातीच्या ज्योतीचा, धातू तापवायचा ब्लोलॅम्प काढला होता. वातीच्या स्टोव्हमध्ये रॉकेल अर्धवट जळतं, म्हणून भांडी काळी होतात. लिंडक्विस्टच्या बर्नरमध्ये रॉकेल ज्योतीभोवतीच्या नळ्यांतून फिरून येतं, वाटेत तापून त्याची वाफ होते, ती बारीक छिद्रातून जोरात बाहेर पडताना हवा ओढून घेते आणि निळी जळते. ज्योतीने आपलं पुढचं इंधन आपणच तापवायचं, एवढीच काय ती युक्ती. पण सुरुवातीला तापवायला ज्योतच नसते, आणि तेवढ्यापुरता तो स्पिरिटचा काकडा.

ही वस्तू प्रवासाच्या सामानात गेली ती नानसेनमुळे. फ्रिट्यॉफ नानसेन या नॉर्वेजियन संशोधकाने १८८८ मध्ये पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंड पार केलं, तेव्हा त्याच्याकडे स्पिरिटचा स्टोव्ह होता. बर्फाच्या त्या अफाट पठारावर माणसं तहानेने हैराण झाली. सगळीकडे पाणीच होतं, पण ते गोठलेलं. मोजकं नेलेलं स्पिरिट ते वितळवायला पुरेना, म्हणून बाटल्यांत बर्फ भरून त्या कपड्यांच्या आत अंगाशी धरायच्या, अशी वेळ आली.

इथे थोडा हिशेब मांडून पाहावा. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. आपल्याकडचं पंचवीस अंशांचं एक लिटर पाणी उकळायला लागते ३१४. म्हणजे आपल्या चहाच्या आधणाला जेवढं इंधन लागतं, त्याहून जास्त तिकडे नुसतं गार पाणी मिळवायला खर्ची पडतं. शिवाय स्पिरिटच्या एका किलोत सुमारे २७ मेगाज्यूल उष्णता असते आणि रॉकेलच्या किलोत ४३. हलक्या स्टोव्हचा पुढचा सगळा इतिहास या आकड्यांभोवती फिरतो, आणि तो बर्फात घडलेला इतिहास आहे हे मला महत्त्वाचं वाटतं.

नानसेन शहाणा झाला. १४ मार्च १८९५ रोजी तो आणि यालमार योहानसेन ‘फ्राम’ हे जहाज सोडून उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले, तेव्हा स्लेजवर प्रायमस होता. त्याच्यावर ठेवायला नानसेनने स्वतः आखलेलं भांडं होतं. मधल्या भांड्यात अन्न शिजायचं, त्याच्याभोवती कड्यासारखं दुसरं भांडं बर्फाने भरलेलं, आणि या सगळ्याला बाहेरून आवरण, म्हणजे गरम हवा निसटून जाण्याआधी दोन्ही भांड्यांना घासून जाणार. त्याने लिहून ठेवलेला हिशेब थक्क करणारा आहे: सुमारे वीस लिटर रॉकेल, दोन माणसं, १२० दिवस, दिवसाला दोन गरम जेवणं आणि वर भरपूर पाणी. ध्रुव गाठला नाही, पण ते ८६ अंश १४ मिनिटांच्या आसपास पोचले. तोवर तिथवर कोणी गेलं नव्हतं.

दोनच वर्षांनी सॉलोमन आंद्रे हा स्वीडिश इंजिनिअर ध्रुवाकडे निघाला तो चक्क हायड्रोजनच्या बलूनमधून. आता हायड्रोजनखाली स्टोव्ह पेटवणार कसा? त्यासाठी केलेली योजना वाचताना हसूही येतं आणि कौतुकही वाटतं. स्टोव्ह पाळण्याखाली आठ मीटर लोंबकळत सोडायचा, वरूनच पेटवायचा, आणि तो पेटला की नाही हे तिरक्या बसवलेल्या आरशात पाहायचं. बलून तीन दिवसांत बर्फावर उतरलं. आंद्रे आणि त्याचे दोघे तरुण सोबती चालत निघाले आणि ‘श्वेत बेटा’वर संपले. १९३० मध्ये त्यांचा मुक्काम सापडला, तेव्हा अवशेषांत प्रायमसही होता आणि त्यात रॉकेल शिल्लक होतं. ते नेमके कशाने गेले यावर अजून वाद चालतात. त्यातला एक तर्क असा, की बंद तंबूत जळणाऱ्या स्टोव्हच्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा घात केला. तो तर्क खरा असो वा नसो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये ही गोष्ट खरीच आहे.

इंधन नेणं एक आणि ते वेळेवर हाताशी असणं दुसरं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या तुकडीला वाटेतल्या साठ्यांवर रॉकेलचे डबे उणे सापडले. डब्यांच्या बुचांना चामड्याचे वायसर होते. ते थंडीत धड बसेनात आणि रॉकेल उडून गेलं. त्याच मोसमात त्या ध्रुवावर स्वतंत्रपणे गेलेल्या अमुंडसेनने आपल्या डब्यांना डाख देऊन घेतला होता. त्याने अंटार्क्टिकातल्या माउंट बेटीवर दगडांच्या ढिगात ठेवलेला रॉकेलचा डबा १९२९ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक लॉरेन्स गूल्डच्या तुकडीला सापडला. त्या डाखाचं वजन काही ग्रॅम भरलं असेल.

दरम्यान हाच स्टोव्ह विलायती मालाबरोबर आपल्याकडे येऊन पोचला होता. देशी कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या आणि चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बायकांनी त्याला घरात जागा दिली. पुढे वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी इतकी नेहमीची झाली, की त्यातले किती भडके खरोखर स्टोव्हचे होते असा प्रश्न सगळ्यांनाच पडायला लागला. कुळकथेत हेही नोंदलं पाहिजे. पुन्हा डोंगराकडे वळायचं तर, २८ मे १९५३ च्या रात्री एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर, सुमारे साडेआठ हजार मीटरवर, तेनसिंग आणि हिलरी यांच्या तंबूतही प्रायमसच होता. रात्री बाहेर राहिलेले हिलरीचे बूट सकाळी दगड झाले होते. ते त्याने स्टोव्हच्या ज्योतीवर शेकून मऊ केले आणि मग दोघे शिखराकडे निघाले.

त्यानंतरच्या सुधारणा म्हणजे या वस्तूतून एकेक भाग काढून टाकण्याचा उद्योग. १९५५ च्या स्वीडिश ‘स्विआ १२३’ने पंप काढला. त्यात पेट्रोलच्या जातीचं शुद्ध इंधन जळायचं आणि बर्नरची उष्णता टाकीत उतरून तीच दाब तयार करायची. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. सिएटलच्या लॅरी पेनबर्थीने १९७३ मध्ये टाकीच काढली. उंचीवर माणसं आजारी पडतात त्यात पाणी कमी पिण्याचा मोठा वाटा आहे, असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून बर्फ झपाट्याने वितळवणारा स्टोव्ह त्याला हवा होता. इंधनाची बाटली तर बरोबर असतेच, मग तिलाच पंप लावून टाकी का करू नये? पुन्हा बर्फच. आणि नानसेनचं ते भांडं एकविसाव्या शतकात परत आलं: भांड्याच्या बुडाला उष्णता धरणाऱ्या पातळ पट्ट्या जोडून ‘जेटबॉइल’सारखे संच निघाले.

गॅसच्या डबीने पंप, काकडा, पिन सगळंच मोडीत काढलं. चावी फिरवा, काडी लावा. पण साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला वायूचा द्रव होतो आणि गोठत्या थंडीत बाहेरच येत नाही, म्हणून चांगल्या डब्यांत आयसोब्यूटेन आणि प्रोपेन मिसळलेले असतात. हिमालयात जाणाऱ्याने डबीवरचं मिश्रण वाचून घ्यावं. स्टोव्ह पंचवीस ग्रॅमचा असला तरी सर्वांत लहान डबीचं नुसतं पोलाद शंभर ग्रॅम भरतं, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेत पायी भटकणाऱ्यांनी शीतपेयाच्या दोन रिकाम्या कॅनची बुडं एकमेकांत बसवून, कडेला टाचणीने भोकं पाडून, दहा-पंधरा ग्रॅमचा स्पिरिटचा स्टोव्ह घरीच तयार केला. दोन पत्र्यांमधलं स्पिरिट ज्योतीने तापतं, वाफ भोकांतून येते आणि जळते. लिंडक्विस्टचीच युक्ती, फुकटात. त्यांच्या आधीची एमा गेटवुड ही आजी मात्र याच्याही पुढची होती. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी ती घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून सबंध अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटी चालली. तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा होता, आणि खायला बहुतेक मनुका, शेंगदाणे असा कोरडा खाऊ.

सह्याद्रीत दोन रात्रींसाठी जाणाऱ्याने यातलं काय उचलावं? बर्फ नाही, म्हणजे इंधनाची मोठी खोगीरभरती आपसूक टळली. आडोसा नीट असेल तर एक लिटर आधणाला स्पिरिट पंचवीस-तीस ग्रॅम लागतं, गॅस चौदा-पंधरा. एकट्याला दोन दिवसांत चार लिटर पाणी उकळायचं असेल, तर कॅनचा स्टोव्ह, बाटली आणि स्पिरिट मिळून दीडशे ग्रॅममध्ये काम होतं. गॅस, त्याची डबी आणि नव्वद ग्रॅमचा स्टोव्ह तीनशेच्या आसपास जातात. आठवडाभराची वाट असेल किंवा चौघं असतील तर पारडं गॅसकडे झुकतं. पोहे, उपमा, शेवया एवढ्यावर भागणार असेल तर स्पिरिट ठीक. डाळ-तांदूळ मंद आचेवर ठेवायचे असतील तर कॅनचा स्टोव्ह डोकं उठवतो. आडोशाला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा भांड्याभोवती उभा केला तर पुष्कळ स्पिरिट वाचतं, पण गॅसच्या डबीला असं चारही बाजूंनी कोंडू नये, डबी तापते. विमानाने जायचं असेल तर गॅसही नेता येत नाही आणि स्पिरिटही नाही, ते उतरल्यावर शोधावं लागतं.

होळीनंतर मात्र हा हिशेब बदलतो. पठारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि पाय लागून कॅन लवंडला तर विझवायला चावी नसते. त्या दिवसांत मी गॅसच नेईन, शंभर-दीडशे ग्रॅम जास्त झाले तरी. नाहीतर सरळ गेटवुडबाईंच्या पंक्तीला बसावं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. स्टोव्ह घरी राहतो, आणि वाचलेल्या वजनाचं पाणी घ्यावं, कारण एप्रिलमध्ये गडावरची बरीच टाकी आटलेली असतात.