उंदीर, वात आणि पागा : सतराव्या शतकातील एक वाहननियमावली

लोणावळा, मुळशी परिसरातील रिसॉर्टांमधून आजकाल चार रुंद चाकांची एटीव्ही भाड्याने मिळते. पाच मिनिटांत सूचना आटोपतात : हेल्मेट काढू नका, एकाच्या गाडीवर दोघे बसू नका, चढावर अंग पुढे झुकवा, उतारावर मागे सरा, डांबरी रस्त्यावर आणू नका. पर्यटक मान डोलावतो आणि निघतो. या सूचनांमागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९७० च्या सुमारास होंडाने अशी तीनचाकी गाडी बाजारात आणली. पुढल्या दीड दशकात ती उलटून इतकी माणसे, विशेषतः मुले, दगावली की सरकारला न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९८८ मध्ये उत्पादकांनी तीनचाकीची विक्री थांबवण्याचे आणि ग्राहकाला प्रशिक्षण देण्याचे मान्य केले. आधी अपघात, मग नियम, असा तो क्रम होता.

याच मावळपट्ट्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी खडक, चिखल, नदीपात्र आणि माळ तुडवणारे वाहन होते घोडा. ते कसे बाळगावे, कुठे उभे करावे, त्याला किती आणि केव्हा खाऊ घालावे, त्याच्याजवळ काय करू नये, याच्या लेखी सूचनाही उपलब्ध आहेत. त्यांचा क्रम मात्र उलटा आहे. अपघात घडण्यापूर्वीच त्या लिहिल्या गेल्या.

प्रथम भूभागाविषयी. मराठ्यांचा घोडा कुठेही जात असे, हा समज लाडका असला तरी खरा नाही. फेब्रुवारी १६६१ मधील उंबरखिंडीचा प्रसंग पाहावा. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शायिस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात उतरण्यास पाठवले. लोहगडाच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने ही फौज खाली उतरू लागली. वाट इतकी अरुंद, की घोडेस्वाराला घोडा वळवणेही अवघड. दोन्ही अंगांस दाट रान, पाणी नाही, वारा नाही. वर आणि खाली शिवाजी महाराजांचे लोक दबा धरून होते. ज्या घोड्यांच्या बळावर मोगल मैदान मारीत, तेच घोडे त्या खिंडीत अडगळ ठरले. खानाला सामानसुमान टाकून, शरण येऊन परत फिरावे लागले. घाटात काम पायदळाचे, मावळ्यांचे. घोड्याचे राज्य घाटमाथा ओलांडून देशावर आल्यावर सुरू होते. आपले वाहन कुठे न्यायचे नाही हे ज्याला कळते तोच ते नीट चालवतो, आणि उंबरखिंडीत हे एकाच पक्षाला कळलेले होते.

देशावरचा हा घोडा म्हणजे भीमथडीचे तट्टू. पुण्याच्या पूर्वेस भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या काठचा प्रदेश म्हणजे भीमथडी. तिथे वाढलेले हे जनावर अरबी घोड्याच्या शेजारी उभे केले तर ठेंगणे दिसेल. पण दूर पल्ला, तुटपुंजा चारा आणि खडकाळ जमीन यांना ते पुरून उरे. राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे म्हणून ते नाव आज शाळकरी मुलांच्याही ओठी असते. अलीकडच्या वर्षांत कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदली आहे.

जनावर काटक असले तरी ते आपोआप चालत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे बखर लिहिली. तीत पागेची रचना सांगताना त्याने एक तपशील दिला आहे, आणि लढायांच्या वर्णनांत रमलेले वाचक तो बहुधा ओलांडून जातात. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार. पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे लढणाऱ्यांच्या सर्वांत लहान तुकडीबरोबरच पाणी पुरवणारा आणि टापांची निगा राखणारा माणूस नेमलेला. सुट्या नालाचा घोडा दख्खनच्या कातळावर काही कोसांतच लंगडू लागतो. लंगड्या घोड्यावरचा स्वार पायदळातल्या शिपायाहूनही निरुपयोगी, कारण त्याला स्वतःबरोबर घोडाही सांभाळावा लागतो. सैनिकांना मोहिमेपूर्वी मिळणाऱ्या आगाऊ रकमेला पुढे ‘नालबंदी’ असेच नाव पडले. दुरुस्तीच्या खर्चावरून पगाराच्या उचलीला नाव मिळावे, ही गोष्ट त्या काळाच्या अग्रक्रमांविषयी पुष्कळ सांगून जाते.

दुसरा प्रश्न मालकीचा. स्वाराचे दोन प्रकार होते. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजी बुडाली, म्हणून ऐन गर्दीत घोडा वाचवण्याकडे त्याचे मन ओढ घेणार. बारगिराला ती धास्ती नाही. पण घोडा आपला नाही म्हटल्यावर तो कसाही दामटला जाण्याची, त्याच्या रातिबाकडे दुर्लक्ष होण्याची भीती असतेच. भाड्याची गाडी चालवणाऱ्याला हा मोह ओळखीचा असेल. शिवाजी महाराजांचा कल पागा बळकट करण्याकडे होता आणि शिलेदारही त्यांनी पागेच्या हुकमतीखाली ठेवले. त्यामुळे परक्या मालकीचा घोडा जिवापाड जपायला लावणारी शिस्त निर्माण करणे राज्यकर्त्यास भाग पडले.

या शिस्तीचे एक वार्षिक चक्र होते. दसऱ्याला फौज बाहेर पडे. निघताना प्रत्येकाजवळील चीजवस्तूंची यादी होई आणि परतल्यावर झडती. आठ महिने परमुलखात काढायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर छावणीस परतायचे. छावणीत दाणा, गवत, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेले खण आधीच तयार असावेत, असा नियम सभासद नोंदवतो. चार महिने घोडा उभा राहतो, आणि त्या काळात कोणी शत्रू समोर नसतानाही तो मरू शकतो.

शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीला गेलेले पत्र नेमके या चार महिन्यांविषयी आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकातील, राज्याभिषेकाच्या आधीच्या काळातले हे पत्र चिपळूणजवळच्या हलवर्णे येथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना उद्देशून आहे. रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नये ही त्यातली ताकीद व्याख्यानांतून आणि समाजमाध्यमांवरून सर्वांच्या परिचयाची झाली आहे. पण संपूर्ण पत्र वाचले तर ध्यानात येते की त्याचा विषय घोडे हाच आहे. रयतेचा मुद्दाही घोड्यांच्या वैरणीतूनच उपजतो.

परिस्थिती अशी होती. लष्कराचा मुक्काम चिपळुणात पडला होता. आता घाटावर जाण्याचे दिवस उरले नव्हते, म्हणून फौज तिथेच छावणीस पाठवली गेली. दाभोळ सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याची म्हणून केलेली बेगमी या मुक्कामात बरीचशी उडाली होती. शिवाय वैशाखाचे वीस दिवस पागा बसून होती. कारकुनांकडून आणि गडागडांवरून मिळेल तो गल्ला आणून कशीबशी तरतूद केली गेली. म्हणजे साठा मोजका आणि पावसाळा पुरा.

त्यानंतर पत्र एकेक पाऊल पुढे जाते. आज हाती आहे म्हणून मनमानी दाणा-गवत चारले तर ते संपेल. भर पावसात नवे मिळणार नाही. घोड्यांना उपास घडतील, ती मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. दोष पावसावर किंवा दुष्काळावर ढकलण्याची वाटच इथे बंद केली आहे. पुढची पायरी अशी : वैरण संपली की लोक गावात शिरतील. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही उठून जातील, आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. तेव्हा जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन आणावे. त्यासाठी खजिन्यातून वाटणी झालेली आहे. कारकून मापून देतील तेवढाच रातिब घ्यावा. रोज थोडे मिळावे, उपास पडू नये, आणि घोडी हळूहळू धट्टीकट्टी व्हावीत. अमकेच द्या, तमकेच द्या म्हणून कारकुनाशी हुज्जत नको आणि कोठारात घुसणे नको. छावणीतली नेहमीची भांडणे लिहिणाऱ्याला किती जवळून ठाऊक होती, हे यावरून दिसते.

आणि मग आग. उन्हाळ्याचे दिवस. गवताच्या गंजी रचलेल्या, खण लाकडाचे आणि गवताने शाकारलेले. कोणी शेकोटी पेटवील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. (तंबाखू हिंदुस्थानात येऊन तेव्हा जेमतेम शतक लोटले असावे, छावणीतले त्याचे स्थान मात्र पक्के झालेले दिसते.) वारा कुठून आहे, गवत कुठे पडले आहे, हे कोणी पाहणार नाही. एक खण पेटला की सगळे खण जातील, एका गंजीवर ठिणगी पडली की सगळ्या गंजी जातील. मग कोणाच्या गर्दना मारल्या तरी खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही. म्हणून जे मुख्य असतील त्यांनी स्वतः सतत फिरत राहावे. रांधणाऱ्यांवर, शेकोट्यांवर, रात्री घरात ठेवलेल्या दिव्यावर लक्ष ठेवावे. एखादा उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल, तेही घडू देऊ नये.

तो उंदीर या पत्राचा प्राण आहे. सुरक्षेचे नियम लिहिणाऱ्याची पारख तो कोणता अपघात कल्पू शकतो यावरून होते. हलगर्जी शिपाई कोणालाही सुचेल. पण सगळे झोपले आहेत, कोणाचीही चूक नाही आणि तरीही पागा जळते, ही शक्यता सुचायला त्या खणात स्वतः रात्र काढलेली असावी लागते. शिक्षेची भाषाही इथे पाहण्यासारखी आहे. पत्रात शिक्षेचा उल्लेख येतो तो ती निरुपयोगी ठरेल हे सांगण्यासाठी. भर खर्चाच्या आणि परिणामांच्या हिशेबावर आहे : खण वाचले तर गवत वाचले, गवत वाचले तर घोडी वाचली, नाही तर पागाच बुडाली.

पुढच्या शतकात हा हिशेब दोन प्रकारे खरा ठरला. थोरल्या बाजीरावांनी १७२८ मध्ये पालखेडच्या मोहिमेत अवजड तोफखाना आणि बाजारबुणगे बरोबर न घेता हलक्या घोडदळावर निजामाला दमवले, त्याला त्याच्या तोफांपासून दूर खेचले आणि पाण्यावाचून कोंडले. तट्टाचे बळ ओळखून ते वापरण्याचा हा नमुना. उलट १७६० च्या अखेरीस पानिपतावर भाऊसाहेबांची फौज खंदक खणून एका जागी बसली. भोवती यात्रेकरू, बायकामुले, बाजार. फिरत राहून चारा मिळवणारे घोडदळ थांबले की त्याची उपासमार सुरू होते. डिसेंबरात रसद पोहोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि पुरवठ्याची आशा संपली. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज लढाईस बाहेर पडली ती उपाशी घोड्यांसह. पराभवाची कारणे पुष्कळ सांगितली जातात : विश्वासराव पडले, गोलाची लढाई फसली, काही सरदार आधी निघून गेले. ती वादाची आहेत आणि वाद चालू राहील. घोड्यांच्या पोटात काही नव्हते, याविषयी मात्र वाद नाही. चिपळूणच्या पत्रातले उपास कारकुनांच्या मापाने टाळता येण्याजोगे होते. पानिपतावर मोजून द्यायलाही काही उरले नव्हते.

खुद्द पेशव्यांची पागा, हुजूरपागा, पुण्यात होती. त्या जागेवर १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींनी मुलींची शाळा काढली आणि शाळेला जागेचेच नाव चिकटले. लक्ष्मी रस्त्यावर ती आजही आहे. तबेल्याचे खुंटे, आगाडी-पिछाडीची दावी, दाण्याचे तोबरे यांपैकी तिथे काही राहिलेले नाही. शाळेच्या पाटीवर आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तेवढी ‘पागा’ उरली आहे.