वाळूचा खड्डा आणि न्याय : एका मैदानाचा खटला

१९२१ सालच्या जून महिन्यांत स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्रूज या गांवीं ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा चालली होती. अमेरिकेहून आलेला बॉबी जोन्स नांवाचा एकोणीस वर्षांचा तरुण तींत उतरला होता. तिसऱ्या फेरीच्या पहिल्या नऊ होलांना त्याला ४६ टोले लागले. अकराव्या होलवर त्याचा चेंडू वाळूच्या एका खोल खड्ड्यांत पडला, आणि तेथेंच त्यानें स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. त्या पहिल्या भेटींत हें मैदान त्याला मुळींच रुचलें नाहीं. पंचवीस वर्षांनीं, १९४६ सालीं, सॅम स्नीड हा दुसरा अमेरिकन खेळाडू तेथें आला. आगगाडीच्या खिडकींतून मैदान पाहून, हें कोणी टाकून दिलेलें जुनें मैदान असावें, अशी शंका त्यानें बोलून दाखविली. आणि त्याच मैदानावर ती स्पर्धा तो जिंकून गेला!

ज्या भूमीला गोल्फचे भक्त या खेळाची काशी मानतात, तिचीच रचना सदोष आहे आणि तिचें माहात्म्य फुकटचें आहे, असा आरोप अनेकदां झाला. त्या आरोपाचा इतिहास म्हणजे वस्तुतः एका जुन्या प्रश्नाचा इतिहास आहे. खेळानें माणसाला चोख न्याय द्यावा, कीं त्याच्या धैर्याची आणि बुद्धीची परीक्षा पहावी?

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. विटीदांडूच्या गलीसारखा एक लहानसा खळगा हिरवळीच्या मऊ सपाटीवर खणलेला असतो. दूरच्या एका जागेवरून काठीनें चेंडू टोलवीत टोलवीत तो त्या खळग्यांत घालावयाचा. आरंभापासून खळग्यापर्यंतच्या साऱ्या टप्प्यालाच होल म्हणतात. असे अठरा टप्पे जो सर्वांत थोड्या टोल्यांत पुरे करील तो विजयी. वाटेंत उंच गवत, ओढे आणि बंकर नांवाचे वाळूचे खड्डे आडवे येतात. हीं विघ्नें कोठें असावींत, यावरच मैदानाच्या रचनेचा सारा वाद उभा आहे.

सेंट अँड्रूजचें ओल्ड कोर्स कोणा एका रचनाकारानें आंखलेलें नाहीं. आपल्या कोंकणांतील पुळणीच्या मागें जशी वाळूच्या उंचवट्यांची अर्धवट ओसाड पट्टी असते, तशीच तेथील समुद्राकांठची ही जमीन. तिला तिकडे लिंक्स म्हणतात. तिच्यावर मेंढ्या चरत, ससे बिळें करीत आणि गांवकरी खेळत. बंकरांपैकीं कित्येक वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनीं उकरलेल्या खळग्यांतून झाले असें मानतात. लोकांना धनुर्विद्येचा विसर पडूं नये म्हणून १४५७ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें गोल्फला बंदी केली होती, इतका हा खेळ त्या देशांत जुना आहे. १५५२ सालीं आर्चबिशप हॅमिल्टन यानें या जमिनीवर ससे पाळण्याचा हक्क घेतला, तेव्हां तेथें खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क त्याला लेखी मान्य करावा लागला. १७६४ पर्यंत येथील फेरी बावीस होलांची होती. त्या वर्षीं आरंभींच्या चार लहान होलांचीं दोन करण्यांत आलीं. जातांना आणि येतांना त्याच वाटेनें खेळत असल्यामुळें चार कमी झालीं व अठरा उरलीं. आज जगभर चालणारा अठरांचा आंकडा असा जवळजवळ योगायोगानें ठरला आहे.

अशा मैदानांत दोष शोधणाऱ्याला श्रम पडत नाहींत. अठरांपैकीं पहिलें, नववें, सतरावें आणि अठरावें या चार होलांनाच स्वतःची हिरवळ आहे. बाकीच्या चौदा होलांत मिळून सात. म्हणजे जाणारे व येणारे एकाच हिरवळीवर भेटतात. सातव्या आणि अकराव्या होलच्या वाटा तर एकमेकींना छेदतात. बंकर शंभराहून अधिक आहेत, आणि त्यांतील पुष्कळ टोला मारणाऱ्याला दिसतच नाहींत. पूर्वी हें मैदान उलट दिशेनेंही खेळत. त्या दिशेनें समोर दिसणारे खड्डे आतां पाठमोरे झाले आहेत. बाराव्या होलवर तर ते वाटेच्या मध्यभागींच दडून बसले आहेत. सरळ व सुंदर मारलेला चेंडू एखाद्या उंचवट्यावर आपटून खड्ड्यांत जातो, आणि वांकडा गेलेला कधीं कधीं सुखरूप राहतो. हा कोणता न्याय, असा प्रश्न हरणाऱ्यानें विचारला तर त्यांत नवल नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फ इंग्लंडच्या अंतर्भागांत पसरला, तेव्हां नव्या मैदानांवर या प्रश्नाचें एक सोपें उत्तर देण्यांत आलें. वाटेवर आडवे, मोजूनमापून खड्डे खणावयाचे. कच्चा टोला मारील तो पडेल, पक्का मारील तो पार जाईल. अपराध तशी शिक्षा! परंतु या दंडनीतींत एक वैगुण्य होतें. थोड्या अंतरावरचा आडवा खड्डा कुशल खेळाडूच्या वाटेंत येतच नसे. त्यांत पडे तो बिचारा नवशिका, ज्याला त्याच्या दुबळ्या टोल्यानें आधींच शिक्षा झालेली असे. त्यांत १८९८ सालीं अमेरिकेंत रबराच्या गाभ्याचा हॅस्केल चेंडू निघाला. तो जुन्या चेंडूपेक्षां दूर जाई. १९०२ सालीं सँडी हर्ड यानें त्या चेंडूनें ब्रिटिश ओपन जिंकली, आणि जुनीं मोजमापें एका फटक्यांत निरुपयोगी झालीं.

याच सुमारास लंडनजवळच्या वोकिंग येथील मैदानावर जॉन लो आणि स्टुअर्ट पेटन या दोघांनीं एक विलक्षण गोष्ट केली. चौथ्या होलच्या उजव्या अंगानें लोहमार्ग जातो. तेथें बरोबर वाटेच्या मधोमध, जेथें चांगला चेंडू पडावयाचा नेमक्या त्याच जागीं, त्यांनीं बंकर खणविले. कल्पना सेंट अँड्रूजच्या सोळाव्या होलवरून घेतलेली होती. क्लबांत मोठा गिल्ला झाला. सरळ मारणाऱ्यालाच शिक्षा! टॉम सिम्पसन नांवाचा एक सभासद हा अन्याय पाहण्यासाठीं मुद्दाम तेथें गेला. पाहतां पाहतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, हा खड्डा शिक्षा करीत नाहीं, प्रश्न विचारतो. लोहमार्ग आणि खड्डा यांमधल्या चिंचोळ्या पट्टींत चेंडू टाकण्याचें धाडस जो करील त्याला पुढचा टोला सोपा. जो डावीकडे सुरक्षित जाईल त्याला पुढें अवघड. तक्रार घेऊन गेलेला सिम्पसन पुढें स्वतः नामवंत रचनाकार झाला.

हा वाद शिगेला पोंचविला तो जोशुआ क्रेन या बॉस्टनच्या गृहस्थानें. क्रेन हा कांहीं ऐरागैरा टीकाकार नव्हता. बंदिस्त दालनांत खेळल्या जाणाऱ्या जुन्या टेनिसचा तो अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता होता, आणि १९०७ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फूटबॉल संघाचा शिक्षकही. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यावर त्यानें ब्रिटनमधील प्रमुख मैदानांची परीक्षा घेण्याचें मनावर घेतलें. प्रत्येक होलचें एकेक अंग तपासावयाचें, त्याला गुण द्यावयाचे, आणि साऱ्यांचे शेंकडेवारी गुण काढून मैदानांची क्रमवारी लावावयाची, अशी त्याची पद्धति. चांगल्या टोल्याला बक्षीस, वाईटाला शिक्षा, आणि दैवाला मज्जाव, हें त्याचें सूत्र. या मापानें त्यानें जी यादी सिद्ध केली, तींत सेंट अँड्रूजचें नांव अगदीं तळाशीं आलें!

यावर गोल्फच्या जगांत जें वादळ उठलें त्यांतून दोन महत्त्वाचीं उत्तरें निघालीं. पहिलें मॅक्स बेर याचें. बेर अमेरिकेचा, १९०८ सालच्या तेथील हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेंत तो उपविजेता होता, आणि पुढें संपादक व रचनाकार झाला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. टेनिस किंवा बिलियर्ड या खेळांत रिंगण आंखलेलें असतें आणि प्रतिस्पर्धी समोर उभा असतो. तेथें समान न्याय हवाच. गोल्फ हा त्या जातीचा खेळ नव्हे. तो मृगयेच्या, मासेमारीच्या जातीचा आहे. त्यांत माणसाचा झगडा सृष्टीशीं असतो, आणि सृष्टीकडे कोणी शेंकडेवारी गुण मागत नाहीं.

दुसरें उत्तर डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी याचें. १८७० सालीं यॉर्कशायरमध्यें जन्मलेला हा वैद्य बोअर युद्धांत सर्जन म्हणून गेला होता. बोअर सैनिक जमिनीच्या चढउतारांत कसे लपतात हें त्यानें तेथें पाहिलें, आणि तें शास्त्र पुढें मैदानाच्या रचनेंत उतरविलें. १९२० सालीं त्यानें रचनेचीं तेरा तत्त्वें प्रसिद्ध केलीं, आणि १९२४ सालीं ओल्ड कोर्सचा तपशीलवार नकाशा. विघ्नें हीं शिक्षेसाठीं नसून खेळांत गोडी आणण्यासाठीं असतात, असें तो सांगे. दुबळ्या खेळाडूलाही, एखादा टोला जास्त खर्चून कां होईना, जाण्यास वाट असली पाहिजे, आणि बलवानाला धाडसाचा मोह पडला पाहिजे. सेंट अँड्रूज येथें नवशिका आणि जगज्जेता एकाच दिवशीं आनंदानें खेळूं शकतात, ही त्याच्या मतें त्या मैदानाची खरी थोरवी होती.

तथापि क्रेनची बाजू हंसण्यावारी नेणें योग्य होणार नाहीं. १९७८ सालच्या ब्रिटिश ओपनमध्यें त्सुनेयुकी नाकाजिमा या जपानी खेळाडूनें सतराव्या होलची हिरवळ दोन टोल्यांत गांठली होती. तेथून हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून घरंगळत कडेच्या बंकरमध्यें गेला. तेथून बाहेर येण्यास चार टोले लागले, आणि त्या एका होलवर त्याचे नऊ टोले मोजले गेले. इंचभर चुकीला एवढी शिक्षा प्रमाणबद्ध आहे असें कोण म्हणेल? ज्याचें पोट खेळावर चालतें त्याला दैवाची मौज परवडत नाहीं. मापाची मागणी करणारा माणूस अरसिकच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो नुसता दुखावलेला असतो.

परंतु मापानें मैदान मोठें ठरत नाहीं, हेंही इतिहासानेंच दाखविलें. १८६० सालीं ज्या प्रेस्टविकच्या मैदानावर आठ खेळाडूंनीं पहिली ओपन स्पर्धा खेळली, तेथें टेकडीआड दडलेल्या हिरवळी होत्या, आणि त्यांवर टीकाही भरपूर झाली. तरी चोवीस वेळां ती स्पर्धा तेथें भरली. १९२५ नंतर ती तेथून कायमची उठली, त्याला मुख्य कारण घडलें तें प्रेक्षकांची गर्दी. त्या वर्षीं लोकांच्या रेट्यांत मॅक्डोनल्ड स्मिथ याचा हातचा विजय गेला, आणि एवढा समुदाय या जागेंत मावत नाहीं हें स्पष्ट झालें.

आणि जोन्सचें काय झालें? तो परत आला. १९२७ सालीं त्याच ओल्ड कोर्सवर २८५ टोल्यांत त्यानें ओपन जिंकली. त्या स्पर्धेंत तोंवर इतके कमी टोले कोणालाच लागले नव्हते. १९३० सालीं त्यानें तेथेंच ब्रिटिश हौशी स्पर्धाही जिंकली. मैदान बदललें नव्हतें. तें वाचावयास तो शिकला होता. पुढें मॅकेन्झीच्या सहकार्यानें त्यानें अमेरिकेंत ऑगस्टा येथें स्वतःचें मैदान उभारलें. तेथें वाटा रुंद ठेवल्या आणि बंकर मोजकेच खणले. शिक्षेपेक्षां निवडीवर भर दिला. १९५८ सालीं सेंट अँड्रूजनें त्याला आपलें नागरिकत्व अर्पण केलें. १७५९ सालीं बेंजामिन फ्रँकलिनला तो मान मिळाल्यानंतर दुसऱ्या कोणा अमेरिकनाला तो लाभला नव्हता. त्या वेळीं जोन्स दुर्धर व्याधीनें काठ्यांच्या आधारानें चालत होता.

या खटल्यांत आणखी एक पक्षकार आहे, आणि तो म्हणजे गांव. १७९७ सालीं कर्जबाजारी नगरसभेनें ही जमीन विकून टाकली. ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं गेली, आणि खेळणाऱ्यांशीं त्यांचे तंटे वर्षानुवर्षें चालले. १८२१ सालीं एका गोल्फप्रेमी जमीनदारानें ती विकत घेतली तेव्हां तिला शांतता लाभली. आणि १८९४ सालच्या कायद्यान्वयें ती पुन्हां गांवाच्या हातीं आली. १९७४ च्या कायद्यानें स्थापन झालेलें विश्वस्त मंडळ आज तिची व्यवस्था पाहतें. रविवारीं ओल्ड कोर्सवर सामान्यतः खेळ बंद असतो. गांवकरी तेथें मुलांबाळांसह, कुत्रीं घेऊन फिरतात. क्रेनच्या कोष्टकांत या गोष्टीसाठीं एकही गुण नव्हता.

वाद अर्थात् मिटलेला नाहीं. २०१२ च्या नोव्हेंबरांत ओल्ड कोर्सवर कांहीं फेरफार जाहीर झाले. अकराव्या हिरवळीचा एक उतार सौम्य करावयाचा आणि सतराव्याचा तो कुप्रसिद्ध बंकर थोडा रुंदवावयाचा, असे ते होते. एवढ्यावर जगभर निषेधाचा सूर उठला. ज्या उंचवट्यांना आणि खड्ड्यांना शंभर वर्षें अन्यायी म्हणून शिव्या मिळाल्या, त्यांतले हातभर हलविले तर माणसें हळहळलीं! न्यायी मैदानाची स्तुति होते. पण ज्यानें एकदां पराभव करून पुन्हां येण्यास भाग पाडलें, त्याच्यावर माणसाचा जीव जडतो.