शिळी 'कॅश' आणि डेटाबेसवरचा खोटा आळ

नेरळ-माथेरान ही डोंगरावरची छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके. पावसाळ्यात दरवर्षी नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवला जातो आणि अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल सेवा चालू राहते. २०१९ च्या अतिवृष्टीत घाटातील मार्गाचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर नेरळहून थेट माथेरानला जाणारी गाडी २२ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात २०१८ चे वेळापत्रक खिशात ठेवून नेरळला उतरलेल्या प्रवाशाची फसगत ठरलेलीच होती. त्याच्याजवळचा कागद खोटा नव्हता. छापला त्या दिवशी तो खराच होता. पुढे तो शिळा झाला.

वेब अॅप्लिकेशनची चाचणी घेणाऱ्या मंडळींना नेमक्या अशाच शिळ्या माहितीचा उपद्रव होत असतो. संगणकाच्या परिभाषेत या जवळ बाळगलेल्या नकलेला 'कॅश' म्हणतात. (रोकड या अर्थाच्या 'कॅश'शी तिचा काही संबंध नाही, हा शब्द 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे.) कॅश शिळी झाली की चाचणीत एखादी डेटाबेसची त्रुटी झळकते. सारे जण डेटाबेस तपासू लागतात, तेथे काहीच सापडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच चाचणी बिनतक्रार उत्तीर्ण होते.

कॅश कशासाठी?

वारंवार लागणारी वस्तू हाताशी ठेवावी, हे कॅशमागचे साधे तत्त्व. मोठ्या, संथ स्मृतीपुढे एक लहान व वेगवान स्मृती ठेवण्याची कल्पना ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली. आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम ३६० मालिकेतील मॉडेल ८५ या संगणकात ती प्रत्यक्षात आली. वेबच्या जगात हीच कल्पना डेटाबेसपुढे उभी राहिली. 'लाइव्हजर्नल' या संकेतस्थळावरील ताण हलका करण्यासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये 'मेमकॅश्ड' लिहिले, तर २००९ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पो यांचे 'रेडिस' आले.

याची गरज समजण्यासाठी रेल्वे आरक्षणाचेच उदाहरण पुरेसे आहे. भारतीय रेल्वेची तिकिटे २००२ पासून इंटरनेटवर मिळू लागली. २०१४ मध्ये नवी प्रणाली आली तेव्हा मिनिटाला दोन हजारांवरून ७,२०० तिकिटांपर्यंत क्षमता वाढवल्याचे जाहीर झाले. परंतु एक तिकीट काढले जाण्यापूर्वी गाड्या, वेळा आणि उपलब्ध जागा यांची चौकशी कितीतरी वेळा होते. अशा प्रत्येक चौकशीसाठी मूळ डेटाबेसला उठवावयाचे म्हटले, तर तिकीट देण्याचे मुख्य काम मागे पडेल. म्हणून फारशी न बदलणारी माहिती कॅशमध्ये ठेवतात. वेग मिळतो; पण एकाच गोष्टीची दोन उत्तरे अस्तित्वात येतात. ती जुळलेली राहतील तोवरच हा संसार सुखाचा.

त्रुटी नेमकी कशी उद्भवते?

समजा, डोंगरावरच्या अशा एखाद्या छोट्या रेल्वेसाठी तिकिटांचे अॅप्लिकेशन तयार होत आहे. पहिली चाचणी 'जुम्मापट्टी' हे स्थानक डेटाबेसमध्ये नोंदवते आणि त्याला ७ हा क्रमांक मिळतो. अॅप्लिकेशन 'जुम्मापट्टी म्हणजे ७' एवढे कॅशमध्ये टिपून ठेवते. चाचणी संपताच तिने केलेले सर्व बदल 'रोलबॅक' होतात, म्हणजेच मागे घेतले जातात. पुढच्या चाचणीला कोरी पाटी मिळावी, हा त्यामागील हेतू.

येथेच मेख आहे. रोलबॅक डेटाबेसला समजतो, कॅशला समजत नाही. डेटाबेसमधून क्रमांक ७ नाहीसा झाला. कॅशमध्ये तो तसाच राहिला. दुसरी चाचणी जुम्मापट्टीची नव्याने नोंद करते. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमध्ये एकदा दिलेला क्रमांक रोलबॅकनंतर सहसा परत वापरला जात नाही, म्हणून या वेळी ८ मिळतो. तिकीट काढताना मात्र अॅप्लिकेशन कॅशला विचारते, ७ हे उत्तर घेते आणि त्या क्रमांकाचे तिकीट डेटाबेसकडे पाठवते. असे स्थानकच नसल्यामुळे डेटाबेस 'फॉरिन की'च्या नियमावर बोट ठेवून नोंद नाकारतो. पडद्यावर त्रुटी डेटाबेसच्या नावाने येते. वस्तुतः त्याने आपले काम चोख केलेले असते.

याहून घातक शक्यता निराळीच आहे. चाचण्यांच्या दोन फेऱ्यांदरम्यान डेटाबेस पूर्ण पुसून नव्याने उभारला, तर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. रेडिससारखी बाहेरची कॅश मात्र जुन्या फेरीतील नोंदी सांभाळून असते. आता ७ हा क्रमांक वॉटर पाइपला मिळाला असेल, तर कोणतीही त्रुटी येणार नाही. जुम्मापट्टीचे तिकीट वॉटर पाइपच्या नावावर नोंदले जाईल आणि चाचणी हिरवा कंदील दाखवील. लाल दिवा निदान लक्ष वेधून घेतो. खोटा हिरवा दिवा दोष थेट प्रवाशाच्या हाती सोपवतो.

चौकटींच्या पोटातील कॅश

प्रोग्रामरने स्वतः उभारलेली कॅश निदान त्याच्या लक्षात असते. परंतु अॅप्लिकेशन ज्या तयार चौकटींवर उभे राहते, त्यांच्या पोटातही अनेक नकला दडलेल्या असतात.

'रुबी ऑन रेल्स' ही चौकट प्रत्येक तक्त्यातील स्तंभांची माहिती एकदा वाचून लक्षात ठेवते. कार्यक्रम चालू असतानाच तक्त्यात नवा स्तंभ जोडला, तर चौकटीला त्याचा पत्ता नसतो. ही माहिती विसरावयास लावणारी आज्ञा रेल्समध्ये आहे. तक्त्याची रचना बदलून लगेच त्यात माहिती भरताना ती वापरावी लागते.

'जॅंगो' ही चौकट अॅप्लिकेशनमधील माहितीच्या प्रत्येक प्रकाराला डेटाबेसमध्ये एक क्रमांक देते आणि तो स्मृतीत जपून ठेवते. चाचणीदरम्यान तक्ते रिकामे होऊन पुन्हा भरले गेले की क्रमांक बदलू शकतात. ही स्मृती वेळीच पुसली नाही, तर वर वर्णिलेली फॉरिन कीची त्रुटी येथेही येते.

डेटाबेसही यातून सुटलेला नाही. एखादा प्रश्न वारंवार विचारला जात असेल, तर पोस्टग्रेस त्याचे उत्तर काढण्याची तयारी एकदाच करून ठेवू शकतो. दरम्यान तक्त्यात स्तंभ वाढला आणि त्यामुळे उत्तराचा आकार बदलला, तर जुनी तयारी निरुपयोगी ठरते. साठवलेल्या योजनेच्या उत्तराचा प्रकार बदलता येत नाही, अशा आशयाची त्रुटी देऊन पोस्टग्रेस थांबतो. रचना बदलल्यावर जुनी जोडणी तोडून नवी घेतली की ही तक्रार मिटते.

ओळखावे कसे?

त्रुटीचे मूळ शिळ्या कॅशमध्ये आहे, हे सांगणारी काही लक्षणे अनुभवी परीक्षकांना पाठ असतात. चाचणी एकटी चालवली तर उत्तीर्ण होते, सर्वांबरोबर चालवली तर अनुत्तीर्ण होते. चाचण्यांचा क्रम बदलला की वेगळीच चाचणी कोसळते. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की आजार पळतो. एकाच्या संगणकावर सर्व सुरळीत असते, दुसऱ्याच्या संगणकावर रोज रडगाणे. त्रुटीत उल्लेखिलेला क्रमांक डेटाबेसमध्ये शोधूनही सापडत नाही.

खात्री करण्याचा मार्ग सरळ आहे. प्रथम कॅश पूर्ण बंद ठेवून तीच फेरी त्याच क्रमाने चालवावी. त्रुटी नाहीशी झाली, तर संशयाला आधार मिळतो. मग अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचणीच्या आधी धावणाऱ्या चाचण्यांची यादी निम्मी करावी. त्रुटी ज्या निम्म्यात टिकते, तो भाग पुन्हा निम्मा करावा. असे करीत गेल्यास हजार चाचण्यांमधील एकटी दोषी चाचणी दहाएक फेऱ्यांत हाती लागते. चाचण्यांचा क्रम मुद्दाम यादृच्छिक ठेवणे आणि तो क्रम नोंदवून ठेवणे ही सवयही उपयुक्त आहे. त्यामुळे दडलेले परावलंबन लवकर उघडे पडते आणि पडलेली फेरी जशीच्या तशी पुन्हा चालवता येते.

उपाय

पहिला नियम असा, की प्रत्येक चाचणीच्या आरंभी डेटाबेसबरोबर कॅशही कोरी असली पाहिजे. शेवटी पुसण्यावर विसंबणे धोक्याचे; कारण चाचणी मध्येच कोसळली, तर शेवट गाठलाच जात नाही. सोबत चौकटीच्या पोटातील नकलाही पुसाव्यात.

दुसरा नियम, चाचणीची कॅश वेगळी ठेवावी. येथे अनेकांची फसगत होते. उदाहरणार्थ, जॅंगो चाचणीसाठी स्वतंत्र डेटाबेस आपोआप उभारतो, परंतु स्वतंत्र कॅश उभारत नाही. सेटिंगमध्ये प्रत्यक्ष वापरातील कॅशचा पत्ता असेल, तर चाचणीतील खोट्या नोंदी खऱ्या ग्राहकांपुढे जाऊ शकतात. अशा वेळी 'सर्व पुसा' ही आज्ञा दिली, तर खऱ्या ग्राहकांसाठी साठवलेले सारेही पुसले जाईल. अनेक चाचण्या एकाच वेळी समांतर धावत असतील, तर प्रत्येक धावेला कॅशमध्ये निराळा उपसर्ग द्यावा.

तिसरा नियम खुद्द अॅप्लिकेशनसाठी आहे. डेटाबेसमधील व्यवहार कायम झाल्याशिवाय कॅशमध्ये नवी नोंद करू नये. व्यवहार अर्ध्यावर असतानाच कॅश बदलली आणि पुढे रोलबॅक झाला, तर कधीच न घडलेली गोष्ट कॅश सांगत राहते. जॅंगो व रेल्स या दोन्ही चौकटींत 'व्यवहार कायम झाल्यावर हे काम कर' असे सांगण्याची सोय आहे. त्याखेरीज प्रत्येक नोंदीला मुदत द्यावी, म्हणजे चूक राहिलीच तर ती कायमची राहत नाही.

चौथा नियम थोडा उलटा वाटेल. सर्व चाचण्यांतून कॅश हद्दपार करू नये. प्रत्यक्ष वापरात कॅश असणारच आणि ती कधी ना कधी शिळी होणारच. म्हणून काही चाचण्यांत कॅशमध्ये जुनी किंवा चुकीची नोंद हेतुपुरस्सर ठेवावी आणि अॅप्लिकेशन सावरते की नाही, ते पाहावे. तिकिटाच्या उदाहरणात पडद्यावरील 'जागा उपलब्ध' हा केवळ अंदाज मानून, पैसे घेण्यापूर्वी मूळ डेटाबेसला पुन्हा विचारले जाते का, याची तपासणी अशाच चाचणीने होते.

फेसबुकचा धडा

ही खबरदारी अनाठायी नाही, हे २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुकच्या अनुभवाने दिसून आले. तेथे कॅशमधील चुकीची मूल्ये आपोआप दुरुस्त करणारी यंत्रणा होती. चुकीचे मूल्य दिसताच ती डेटाबेसमधून मूळ मूल्य आणून कॅशमध्ये भरत असे. त्या दिवशी मूळ मूल्यातच असा बदल झाला, की यंत्रणेला तेही अवैध वाटले. परिणामी सर्व सर्व्हर एकाच वेळी दुरुस्तीला धावले आणि डेटाबेसवर सेकंदाला लाखो प्रश्नांचा मारा झाला. दडपणाखालील डेटाबेस त्रुटी देऊ लागला. यंत्रणेने ती त्रुटीही 'अवैध मूल्य' समजून कॅशमधील नोंद पुसली, त्यामुळे आणखी प्रश्न गेले. मूळ चूक सुधारल्यानंतरही हे चक्र थांबेना. अखेर डेटाबेसला श्वास घेता यावा म्हणून संकेतस्थळच बंद करावे लागले. सेवा सुमारे अडीच तास खंडित होती. कॅश चुकल्यावर, किंवा डेटाबेसने उत्तर नाकारल्यावर अॅप्लिकेशन कसे वागेल, हा प्रश्न चाचणीतच विचारून ठेवणे किती स्वस्त पडते, हे त्यावरून ध्यानी यावे.

कारण नसताना लाल होणारी चाचणी केवळ वेळ खात नाही. ती पुन्हा चालवली की हिरवी होते, असे चार वेळा घडले की पाचव्या वेळी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि तो पाचवा लाल दिवा खरा असू शकतो. चाचण्यांचे मोल त्यांच्यावरील विश्वासात असते. पावसाळा सुरू होताना छोट्या गाडीचे वेळापत्रक जसे बदलावेच लागते, तसे प्रत्येक चाचणीपूर्वी कॅश कोरी करणे हे नित्यकर्म समजले, तर हा विश्वास टिकतो आणि डेटाबेसवर विनाकारण आळही येत नाही.