खणांनी मोजलेली घरे

पुण्याचा इतिहास पाहावयास आलेला पाहुणा प्रथम शनिवारवाड्यात जातो. १८२८ च्या आगीतून उरलेली जोती, तट आणि दिल्ली दरवाजा पाहून पेशवाई पाहिल्याच्या समाधानाने तो परततो. त्या जोत्यांवर माणसे नांदत होती ती कशी, हे मात्र त्याला उमगत नाही. ते समजून घ्यायचे तर कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांतील ज्या वाड्यांवर कोणत्याही खात्याची पाटी नाही, त्यांत शिरावे लागते. मी हा उद्योग बरीच वर्षे करीत आलो आहे. दिंडीतून वाकून आत जावे, “कोण पाहिजे?” असे कोणी विचारले की “वाडा पाहायला आलो” असे खरे सांगावे. बहुधा चहा मिळतो. एका आजोबांनी मात्र मला बिल्डरचा माणूस समजून ओसरीवरूनच वाटेला लावले. मला त्यांचा राग आला नाही.

वाड्याचे माप खणांत सांगतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि सर्वांच्या वर कौले, असा हा सांगाडा. भिंती बहुतेक मातीत बांधलेल्या. अशा घराला मरण येते ते छपरातून. एक कौल सरकते, श्रावणभर पाणी झिरपते, भिंतीत गेलेले तुळईचे टोक कुजू लागते. दरसाल मृगाच्या आधी शाकारणी झाली, तर हेच घर दोनशे वर्षे उभे राहते.

मग शाकारणी थांबली का? लोक मालकांना बोल लावतात. मला ते पुरते पटत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जुन्या दरांना बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब बिऱ्हाडकरूंना आधार हवा होता, यात शंका नाही. पण भाडे गोठले तरी कौलांची आणि सुताराची किंमत गोठली नाही. १९९९ च्या कायद्याने दरसाल शेकडा ४ वाढ दिली. दहा रुपयांवर ती चाळीस पैसे होते! त्यात वारसांची संख्या वाढत गेलेली आणि वाटणीचे दावे कोर्टात. मग एके दिवशी वाडा ‘धोकादायक’ असल्याची नोटीस दारावर चिकटते आणि कित्येकदा सर्वांनाच सुटल्यासारखे वाटते. नदीकाठच्या वाड्यांना तेवढाही अवकाश मिळाला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मातीच्या भिंती पाण्यात विरघळून गेल्या.

दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेला विश्रामबागवाडा वाचला. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा नाहीसा झाला. विश्रामबागवाडाही त्या आगीत होरपळला, पण पुन्हा उभा केला गेला. पाठशाळा, कचेऱ्या, टपालघर असा त्याला काही ना काही उपयोग राहिला आणि म्हणून छपराकडे लक्ष गेले. ज्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्याच्या नशिबी हे नव्हते. वर्षानुवर्षे दावे चालले, वाडा ढासळत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी जागा मोकळी करण्याकरिता तो पाडण्यात आला. स्मारक व्हावे, अवश्य व्हावे. पण ज्या उंबऱ्यावरून त्या मुली आत गेल्या, तो घडविता येत नाही.

१९५८ चा केंद्राचा पुरातत्त्व कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी आहे. सदाशिव पेठेतल्या भिक्षुकाचे सात खणी घर त्यात कसे बसावे? मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, वास्तूंच्या याद्या झाल्या, प्रती ठरल्या. या वाटेने सामान्य घरांनाही थोडा आसरा मिळतो. पण यादीत नाव आले म्हणून गळती थांबत नाही. घरमालकाला शाकारणीपुरते पैसे आणि बिऱ्हाडकरूला वाजवी भाड्यात राहण्याची हमी, या दोन गोष्टी एकत्र दिल्यावाचून नुसत्या मनाईने वाडा वाचेल असे मला वाटत नाही.

तोवर मी टेप आणि वही घेऊन हिंडतो. खण मोजतो, चौकाचा नकाशा काढतो, कोनाडे आणि देवळ्या टिपतो. आपल्या आजोळी असा वाडा उभा असेल, तर या दिवाळीत पणत्या लावून झाल्यावर कोणाला तरी हाताशी घेऊन त्याचे खण मोजून ठेवा. माळ्यावर चढून कौलेही पाहा. ऊन आत येत असेल, तर पाणीही येत असणार.